यायचं केव्हा

थांबा, बटाट्यांखालची शेगडी आधी बंद करते.
हं. मीच, स्टेनवोर. तीन खोल्या, न्याहारीसकट.
यायला सगळ्यांत चांगले दिवस कोणते, असंच ना?

जून, म्हणेल कुणीही.
अख्खं आइसलँड जूनमध्येच विकलं जातं.
रात्री बाराला मी दोरीवर चादरी वाळत घालते,
दोनला स्नायब्योर्न कुंपणाला रंग देत असतो
आणि कुणी त्याला वेडा म्हणत नाही.
पण पाहुण्यांना झोप लागत नाही हो.
एक बाई पहाटे चारला स्वयंपाकघरात येऊन बसल्या.
म्हणाल्या, इथे दिवस मावळतच नाही,
तर कालचं भांडण कालचं कधी होणार?
नवरा वर पडदे ओढून घोरत होता.
मी त्यांना वाटाणे सोलायला दिले.

शिवाय टर्न पक्षी. पिल्लांच्या वाटेला गेलात की
थेट टाळूवर चोच.
डोक्याच्या वर काठी धरून चालायचं.
त्यांना फक्त उंचातलं उंच टोक हवं असतं,
ते काठीचं की माणसाचं, याच्याशी कर्तव्य नाही.

सप्टेंबर बरा.
मेंढ्या डोंगरावरून उतरतात, सगळं खोरं गोळा होतं,
कानांवरच्या खुणा बघत ज्याची त्याची मेंढी वेगळी काढतात.
तुम्हालाही एक देऊ, शिंगं धरून ओढायला.
बहुधा तीच तुम्हाला ओढेल.
आकाशातले हिरवे पट्टे? तेव्हा दिसतात. दिसले तर.
त्यांची हमी नाही. एकाने त्यापायी पैसे परत मागितले होते,
मी त्याला ढगांचा पत्ता दिला.

आमच्या पंचांगात उन्हाळा लागतो एप्रिलमधल्या एका गुरुवारी,
बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी.
आदल्या रात्री अंगणात पाण्याची वाटी ठेवायची.
गोठली, तर दूध दाट, वर्ष चांगलं.
माझा केटिल पहाटे चोरपावलांनी जाऊन बघायचा
आणि पाणी पाणीच असलं, की वाटी गुपचूप फ्रीजरमध्ये.
मला सगळं ठाऊक होतं. मटारांच्या पिशव्या हललेल्या असायच्या.
तो गेला त्या वर्षी
वाटी आपोआप गोठली होती.

ऐकताय ना? फोन खरखरतोय.

हिवाळ्याचं कुणी विचारत नाही, तरी सांगते.
नोव्हेंबर संपताना सूर्य समोरच्या डोंगरामागे जातो
आणि दोन महिने तोंड दाखवत नाही.
उजेड असतो थोडा, धुतलेल्या दुधाच्या भांड्यासारखा.
मग जानेवारीच्या शेवटाला आधी शाळेच्या पत्र्यावर,
चारएक दिवसांनी आमच्या टेबलावर,
साखरेच्या डब्याशेजारी,
तळहाताएवढं ऊन.
सात मिनिटं.
त्या दिवशी गावभर कॉफी आणि पातळ गोड धिरडी.
केटिल कोठीच्या दारावर पेन्सिलीने तारीख लिहायचा.
एकतीस. तीस. एकतीस.
मग एक ओळ नुसतीच: ढग.
त्याखालच्या आठ ओळी माझ्या अक्षरात आहेत.
वेलांट्या नसत्या काढल्या, असं तो म्हणाला असता.

नाही नाही, तेव्हा याच असं नाही म्हणत मी.
रस्ता बंद पडतो. एक पंप दुरुस्त करणारा
एका रात्रीसाठी आला, नऊ दिवस अडकला.
तिसऱ्या दिवसापासून बोलायला विषय उरला नाही,
तेव्हा त्याने कोठीच्या दाराची बिजागरी बसवली.
दार आता कुरकुरत नाही.
मला अजून त्याची सवय व्हायची आहे.

ते जाऊ दे. तुम्हाला रजा कधी मिळते?
तेवढीच? मग ऋतू कसले निवडताय,
जे हाती येईल ते घ्या.
लोकरीचे मोजे मी देईन, भाड्यात धरलेत.

नाव सांगा. सावकाश, एकेक अक्षर.
एक मिनिट,
पेन्सिल कोठीत राहिली.